इतिवृत्त कोण लिहिणार?

जून महिन्यातल्या बैठकीत एक साधा प्रश्न विचारला गेला आणि तो अजून माझ्या मागे लागलेला आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी आम्ही काही सरकारी माणसे नाशकात गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये जमतो. कोणी महसूलचे, कोणी जिल्हा परिषदेचे, कोणी महापालिकेचे. काही अजून नोकरीत, काही माझ्यासारखे पेन्शनवर. त्या दिवशी पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली होती, दाराशी ओल्या चपलांचा ढीग पडला होता आणि आत एका तहसील कार्यालयातले अव्वल कारकून, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, निराधार योजनेच्या उत्पन्नाच्या दाखल्याविषयी बोलत होते. नाना एरवी मोजके बोलणारे गृहस्थ, पण त्या संध्याकाळी त्यांचा सूर लागला होता. आकडे, माणसे, तारखा, सगळे तोंडपाठ येत होते आणि समोरचा चहा निवून त्यावर साय धरली होती. इतक्यात जिल्ह्यात नुकत्याच रुजू झालेल्या एका परिविक्षाधीन अधिकारी मॅडमनी मांडीवरचा लॅपटॉप उघडला आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "हे फारच महत्त्वाचं आहे. इतिवृत्त कोण लिहितंय?"

नाना थांबले. त्यांनी एकदा लॅपटॉपकडे पाहिले, मग चहाचा कप उचलला आणि म्हणाले, "नाही, मी आपलं सहज बोलत होतो."

त्यानंतर ते त्या संध्याकाळी बोललेच नाहीत.

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण इतिवृत्त लिहिणे हा माझा आयुष्यभराचा धंदा. नोकरीत असताना मी समित्यांच्या सभांना कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून लिहीत आले. विषयपत्रिका सात दिवस आधी काढायची, उपस्थिती पत्रकावर सह्या घ्यायच्या, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करायचे आणि मग खऱ्या सभेला सुरुवात झाली की लेखणी सरसावायची. माणसे काय बोलतात आणि त्यातले कागदावर काय उतरते यातले अंतर मला जितके जवळून ठाऊक आहे, तितके फार थोड्यांना असेल. एखादा सदस्य तावातावाने अर्धा तास बोलतो, टेबलावर थाप मारतो, खाली बसलेल्या ग्रामसेवकाकडे बोट दाखवतो, दुसरा त्याला उलट बोलतो, मधेच कोणीतरी कळीचे वाक्य बोलून जातो की या पाइपलाइनला पाणीच चढत नाही कारण टाकी खालच्या अंगाला बांधली आहे, आणि त्या सगळ्याचे इतिवृत्तात एक वाक्य होते, "सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सभागृहाने नोंद घेतली." हे वाक्य मी किती वेळा लिहिले असेल याचा हिशेब नाही. त्यात लबाडी नव्हती. इतिवृत्त म्हणजे निर्णयाची नोंद, ते पुढे लेखापरीक्षणात निघते, कोर्टात निघते, माहितीच्या अधिकारात तर कोणीही मागून नेतो. तेव्हा जितके कमी लिहावे तितके बरे, असे मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवले आणि मीही ते पुढच्यांना शिकवले. टाकी खालच्या अंगाला आहे हे वाक्य मात्र त्या सभागृहाच्या छताला लागून तिथेच विरून जात असे.

आमच्या कचेऱ्यांत चर्चा कमी होते असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. फायलीच्या समासात हिरव्या किंवा लाल शाईने लिहिलेला 'चर्चा करावी' हा शेरा कोणाच्या ओळखीचा नाही? तो शेरा आला की फाइल घेऊन साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसायचे, आत बोलावणे आले की उभ्याने दोन मिनिटांत सांगायचे, आणि साहेबांना पटले तर मूळ टिपणी तशीच पुन्हा सादर करायची. ती चर्चा एका फाइलपुरती असते. नियमच चुकला आहे का, योजना जिच्यासाठी आखली तिच्यापर्यंत ती पोचते का, असल्या प्रश्नांना त्या दोन मिनिटांत जागा नसते आणि खरे सांगायचे तर कोणाला सवडही नसते. शनिवारची आमची बैठक सुरू झाली ती या कारणाने. ज्यांनी राबवायचे त्यांनी धोरणाविषयी बोलायचे कुठे, असा प्रश्न आमच्या यजमानांना पडला आणि त्यांनी घराचा हॉल मोकळा करून दिला. सुरुवातीला एकच नियम केला होता की इथे कोणी कोणाला साहेब म्हणायचे नाही. तो पहिल्याच तासात मोडला. तोंडाला बसलेली सवय आहे, आणि समोर उपजिल्हाधिकारी दर्जाचा माणूस बसला असताना लिपिकाने त्याला नुसत्या नावाने हाक मारावी ही अपेक्षा करणाऱ्याला आपली खाती ठाऊक नाहीत असेच म्हटले पाहिजे. आता आम्ही अण्णा, नाना, ताई यांवर भागवतो. त्यातही नोकरीतल्या मॅडम मॅडमच राहिल्या आहेत.

नाना काय सांगत होते ते मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण त्यावाचून माझा मुद्दा कळणार नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत बसायचे तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे सगळ्या कुटुंबाचे मिळून दिवसाला ५७-५८ रुपये. नाना सांगत होते ती बाई एका पाड्यावरची विधवा. मुलगा खरड छाटणीला आणि पुन्हा गोडी छाटणीला दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत जाणारा, सून घरी, दोन लहान नातवंडे. दाखल्यासाठी ती आली तेव्हा तिने उत्पन्न विचारल्यावर खरे सांगितले. पोरगा बागेत जातो, अमुक मिळतात, तमुक खर्च होतात. मागे रांगेत उभ्या असलेल्या तिच्याच गावच्या माणसाने तिला कोपराने ढोसले आणि तो स्वतः बोलला, "एकवीसच्या आत लिवा." नानांनी ते वाक्य त्याच सुरात बोलून दाखवले. पुढे ते म्हणाले, "आम्ही तिला खोटं बोलायला शिकवतो. खिडकीपाशी उभं राहून पहिला धडा तोच. आणि मग आम्हीच म्हणतो की लोक खोटे दाखले आणतात."

त्याच वेळी पलीकडच्या खुर्चीवर पंचायत समितीत रोजगार हमीचे काम बघणारे एक सहकारी बसले होते. त्यांनी खिशातून पेन काढले आणि चिवड्याच्या कागदी पिशवीवर गुणाकार केला. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. कायद्याने कुटुंबाला शंभर दिवसांच्या कामाची हमी दिलेली होती. म्हणजे २९,७०० रुपये. सरकारने दिलेल्या हमीप्रमाणे, सरकारच्याच दराने, एखाद्या कुटुंबाने पूर्ण शंभर दिवस माती वाहिली तर ते कुटुंब सरकारच्याच दुसऱ्या योजनेच्या मर्यादेबाहेर जाते. शंभरही लागत नाहीत, ७१ व्या दिवशीच ते बाहेर पडते. सुनेने बांधबंदिस्तीच्या कामावर हजेरी लावली की सासूचे अनुदान धोक्यात. ती पिशवी हातोहात फिरली. तेलाचे डाग पडलेल्या त्या कागदावरचे तीन आकडे पाहून हॉलमध्ये जी शांतता झाली ती मी फार थोड्या सभांमध्ये अनुभवली आहे. हे दोन्ही नियम पाठ असणारी माणसे एकाच तालुक्याच्या गावात, एकमेकांपासून चालत पाच मिनिटांवर, वर्षानुवर्षे बसतात. एकाचे टेबल तहसीलमध्ये, दुसऱ्याचे पंचायत समितीत. दोघांची खाती वेगळी, मंत्रालयातले मजले वेगळे, वरिष्ठ वेगळे. त्यांचे आकडे एका कागदावर यायला चिवड्याची पिशवी लागली.

मला वाटते, अशा मंडळींनी एकत्र बसण्याचा खरा उपयोग इतकाच आहे, आणि तो थोडा नाही. नव्या कल्पना वगैरे शब्द मला फारसे मानवत नाहीत. आमच्या गटात कोणाला एकदम काही अफलातून सुचले आहे असे झालेले नाही. एका टेबलाचा नियम दुसऱ्या टेबलाच्या नियमावर कुठे आदळतो, हे दोन्ही टेबले शेजारी मांडल्याशिवाय दिसत नाही, आणि त्या आदळण्यात मध्ये सापडलेली बाई दोन्हीकडच्या रांगेत उभी असते पण तिला कोणी विचारत नाही.

बरोबर याच क्षणी तो इतिवृत्ताचा प्रश्न आला होता.

मॅडमचे काय चुकले, असा विचार मी त्या रात्री घरी येताना करत होते. त्यांचे म्हणणे मुळीच वावगे नव्हते. इतकी मोलाची गोष्ट लिहून ठेवायची नाही तर काय करायचे? पण नानांची भीतीही काही मनची नव्हती. नोकरीत असलेल्या माणसाने शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करू नये, हे राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ च्या वर्तणूक नियमांनी आणि जिल्हा परिषदेच्या मंडळींना १९६७ च्या नियमांनी बांधून दिलेले आहे. चार मित्रांनी चहा पिताना बोललेले जाहीर होते का? होत नाही. पण त्याचेच टंकलिखित इतिवृत्त झाले, ते कोणी व्हॉट्सॲपवर टाकले, तिथून एखाद्या बातमीत 'महसूल कर्मचाऱ्याची कबुली' अशा मथळ्याखाली आले तर? नानांची निवृत्ती जवळ आली आहे. चौकशी लागलेल्या माणसाचे पेन्शन कसे अडकते हे त्यांनी दुसऱ्यांच्या प्रकरणांत स्वतःच्या हाताने टिपणी लिहून पाहिलेले आहे. अशा माणसाला धीट व्हा म्हणून सांगणे मला तरी जमणार नाही, विशेषतः माझे स्वतःचे पेन्शन दरमहा वेळेवर जमा होत असताना.

फायलीच्या आत मात्र मुभा आहे, निदान असायला हवी. माझा सचिव माझ्या मताविरुद्ध टिपणी लिहू शकतो आणि ती मोकळीक मी सगळ्या सचिवांना दिलेली आहे, असे सरदार पटेलांनी १० ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते. ते आमच्या प्रशिक्षणात नेहमी सांगितले जाते, आणि सांगणारे सगळे मोठ्या हुद्द्याचे असतात. सचिवाला मिळालेली मोकळीक जिन्याच्या पायऱ्या उतरत अव्वल कारकुनापर्यंत येता येता किती शिल्लक राहते, यावर एखादे व्याख्यान अजून माझ्या ऐकण्यात आलेले नाही.

हा पेच आजचा नाही आणि नाशिकला तर मुळीच नवा नाही. निफाडला जन्मलेले न्यायमूर्ती रानडे १८७८ साली पुण्याहून बदली होऊन नाशकात आले. पुण्यातल्या सार्वजनिक सभेच्या कामात त्यांचे असलेले लक्ष सरकारच्या डोळ्यांत खुपत होते आणि ही बदली त्यातूनच झाली, असे तेव्हाही बोलले जाई. त्याच वर्षी सभेचे त्रैमासिक सुरू झाले. शेतसारा, दुष्काळ, कर, शेतकऱ्याचे कर्ज यांवरचे त्यातले कितीतरी लेख रानड्यांच्या हातचे, पण खाली नाव नसे. दिवसा सरकारचा न्यायाधीश म्हणून निकाल लिहायचे आणि रात्री त्याच सरकारच्या धोरणाची आकडेवारीनिशी तपासणी करायची, असा तो क्रम. पुढच्याच वर्षी त्यांना धुळ्याला पाठवले गेले आणि तिथे तर त्यांची टपालातली पत्रे फोडून वाचली जात. त्याच सुमारास नाशकात गोपाळ हरी देशमुख न्यायाधीश होते. त्यांनी तीस वर्षांपूर्वी 'प्रभाकर' साप्ताहिकात जी पत्रे लिहिली ती सरकारी नोकरीत असतानाच, आणि 'लोकहितवादी' हे नाव घेऊन. आज आपण त्यांना त्या टोपणनावानेच ओळखतो. नाशकातल्या कुठल्या दिवाणखान्यात ही दोन माणसे संध्याकाळी समोरासमोर बसली असतील आणि काय बोलली असतील, याची कल्पना करायला मला आवडते. त्या बोलण्याचे इतिवृत्त नाही. असते तर ते पहिल्यांदा कोणाच्या टेबलावर गेले असते तेही उघड आहे.

जुलैच्या बैठकीत मॅडमनी हा विषय स्वतःच पुन्हा काढला. त्यांना नाना गप्प झाल्याचे लागले होते आणि त्या तयारी करून आल्या होत्या. ब्रिटनमध्ये २०१७ साली काही सनदी नोकरांनी वनटीमगव्ह नावाची एक चळवळ सुरू केली, धोरण आखणारे आणि सेवा प्रत्यक्ष चालवणारे यांनी सुट्या सुट्या खोल्यांत न बसता एकत्र बसावे म्हणून. ती मंडळी आपले काम उघडपणे मांडतात, स्वतःच्या नावाने लिहितात, हे त्यांनी सांगितले. नाना ऐकत होते. "तिकडे बदली कुठे होते?" त्यांनी विचारले. सगळे हसले, पण प्रश्न थट्टेचा नव्हता. मग मॅडमनी दुसरा पर्याय पुढे केला, तोही लंडनचाच. चॅटम हाउस नावाच्या संस्थेने १९२७ साली एक नियम घालून दिला की बैठकीत जे ऐकले ते बाहेर वापरायला हरकत नाही, मात्र ते कोण बोलले आणि बैठकीला कोण कोण होते हे सांगायचे नाही. जगभरच्या चर्चागटांत तो पाळला जातो. हा नियम आपल्याला चालेल, असे बहुतेकांचे मत पडले आणि मलाही क्षणभर वाटले की गाठ सुटली.

गाठ सुटली नव्हती, हे आमच्या यजमानांनी दाखवून दिले. ते म्हणाले, नाव काढून टाकल्याने माणूस लपतो तो लंडनमध्ये. आपल्या जिल्ह्यात १५ तालुके आहेत. निराधारचे टेबल प्रत्येक तहसिलीत एकच. 'एका आदिवासी तालुक्यातल्या कर्मचाऱ्याने सांगितले' एवढे लिहिले की वाचणारा बोटे मोजून नानांच्या खुर्चीपाशी येतो. पाड्याचे नाव न घालता द्राक्षाची छाटणी लिहिली तरी येतो, आणि 'एकवीसच्या आत लिवा' हे वाक्य लिहिले तर त्या रांगेतल्या माणसापर्यंतसुद्धा पोचतो. यजमानांचे बोलणे ऐकताना मला माझाच धंदा नव्याने दिसला. आम्ही इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' लिहीत होतो ते काही निव्वळ आळसाने नव्हते. तपशील म्हणजे पत्ता. ज्या गोष्टीत पत्ता नाही ती वाचून कोणाला काही कळत नाही, आणि ज्या गोष्टीत पत्ता आहे ती सांगणाऱ्याच्या दारी माणूस जाऊन उभा राहतो. (हा लेख लिहितानाही मी काही गोष्टी हलवल्या आहेत. नानांचे टेबल निराधारचे नाही आणि त्यांना आम्ही नाना म्हणत नाही. दाखल्याची आणि आकड्यांची हकिगत मात्र खरी आहे.)

लिहायचेच नाही असे ठरवले तर काय होते, त्याचे उत्तर आपल्या गावाला दर बारा वर्षांनी द्यावे लागते. २७ ऑगस्ट २००३ रोजी कुंभमेळ्याच्या पर्वणीला रामकुंडाकडे जाणाऱ्या सरदार चौकाच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. २०१५ साली रामकुंडावरचा भार हलका व्हावा म्हणून नदीच्या खालच्या अंगाला नवे घाट बांधले गेले, वाहतूक लांब अडवली गेली आणि तो मेळा तसा काही न होता पार पडला. आता २०२७ च्या पर्वण्या जवळ येत आहेत. पण बदल्यांच्या २००५ च्या कायद्याने सरकारी माणसाचा एका पदावरचा सर्वसाधारण काळ ठरवला आहे तीन वर्षांचा. एका कुंभापासून दुसऱ्या कुंभापर्यंत त्याच खुर्चीत चार माणसे येऊन जातात, आणि मागच्या वेळी आराखडा करणारा या वेळी बहुधा निवृत्त झालेला असतो किंवा दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात असतो. आराखडे राहतात, नकाशे राहतात, खर्चाची बिले तर अगदी जपून ठेवली जातात. पण जे कोणी लिहिले नाही ते कुठे आहे?

त्यातले थोडे आमच्या गटात आहे. एक निवृत्त हवालदार आमच्याकडे येतात, पंचवटीत राहणारे, पांढऱ्याशुभ्र मिशांचे. ते दोन्ही मेळ्यांत बंदोबस्ताला होते. धोरण हा शब्द त्यांच्या तोंडी येत नाही, पण ऑगस्टच्या बैठकीत ते उठून उभे राहिले आणि त्यांनी खुर्च्या बाजूला सारून फरशीवर खडूने उतार काढला. गर्दी डोळ्यांनी कळत नाही, खांद्याने कळते, असे ते म्हणाले. आपला खांदा मागच्या माणसाच्या छातीला लागला आणि सुटेना, की समजायचे आता शिट्टीचा उपयोग नाही, कारण ज्याला ती ऐकू जाते त्याला हलता येत नाही आणि ज्याला हलता येते त्याला ती ऐकू जात नाही. माणसे थांबवायची असतील तर उतार सुरू होण्याच्या आधी, सपाटीवर थांबवायची. उतारावर आडवे बॅरिकेड लावले की तेच भिंत होते. दुकानांचे ओटे मोकळे ठेवायला सांगायचे, कारण गुदमरलेल्या बाईला वर उचलून घ्यायला तेवढीच जागा असते. ओल्या धोतराचा पाय फरशीवर कसा सुटतो, ते त्यांनी स्वतः पाऊल टाकून दाखवले. महापालिकेतले आमचे एक अभियंता मित्र खाली बसून तो खडूचा नकाशा बारकाईने पाहत होते. त्यांनी मग एकच प्रश्न विचारला, "हे तुम्ही तेव्हा कोणाला सांगितलं होतं का?" हवालदार म्हणाले, "विचारलं कोणी?"

लिहिल्याने काही होत नाही असेही नाही, आणि त्याचा पुरावा यजमानांच्याच नोकरीत आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पाच्या कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नसे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तिथल्या शेतकऱ्यांना घेऊन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पिकावर आणि क्षेत्रावर पट्टी न आकारता पाणी मोजून घ्यायचे आणि आपसांत वाटायचे, असे ठरले, आणि पुढे सगळ्या प्रकल्पाचे लाभक्षेत्र अशा संस्थांकडे आले. शेतकऱ्यांनी सिंचनाचे व्यवस्थापन करण्याचा राज्याचा कायदा २००५ साली झाला तेव्हा वाघाडचा दाखला सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. ही हकिगत नाशिककरांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे. यजमान मात्र ती सांगताना एका पाटकऱ्यावर, म्हणजे कालव्याचे पाणी सोडणाऱ्या माणसावर, थांबतात. शेपटाला किती पाणी जाते, कुठल्या चारीवर रात्री दार उचलले जाते, मधल्या कुठल्या टप्प्यात कालवा झिरपतो, हे सगळे त्या पाटकऱ्याला ठाऊक होते आणि तो ते चहाच्या टपरीवर बोलला. करारावर सही कार्यकारी अभियंत्याची झाली, जी योग्यच होती. टपरीवरचे बोलणे आणि करारावरची सही यांच्या मध्ये कोणीतरी ते ऐकून, पडताळून, मापात बसवून कागदावर आणले होते. ते मधले काम कोणी केले ते यजमान सांगत नाहीत. आम्हाला अंदाज आहे.

सप्टेंबरमध्ये आम्ही एक दोनशे पानी रजिस्टर आणले, लाल कापडी पुठ्ठ्याचे, मेनरोडवरून. मीच त्यात रकाने आखले. जुनी सवय जाता जात नाही, अनुक्रमांक घातलाच. मग बराच वाद होऊन असे ठरले की त्यात कोण काय बोलले ते लिहायचे नाही, घडलेली हकिगत लिहायची नाही, फक्त नियम आणि हिशेब लिहायचा. पहिल्या नोंदीत निराधार योजनेची मर्यादा, रोजगार हमीचा दर, शंभर दिवसांचा गुणाकार आणि खाली प्रश्न, एवढेच आहे. नोंद चार ओळींत संपते, कोणालाही दाखवता येते, तिच्यातून कोणाचाही पत्ता निघत नाही. मी ती सुंदर अक्षरात लिहिली आणि वाचून पाहिली तेव्हा ती मला माझ्या जुन्या इतिवृत्तांसारखीच कोरडी वाटली. खिडकीपाशी उभी राहून खरे उत्पन्न सांगणारी ती बाई तिच्यात कुठेही नव्हती, आणि तिच्याशिवाय तो गुणाकार वाचणाऱ्याला नुसता गुणाकारच वाटेल अशी मला धास्ती आहे. मॅडमचे मत याहून निराळे. त्या म्हणतात, वरपर्यंत जायचे तर आकडाच जाईल, बाई वाटेत गळून पडेल. तेव्हा आकडा तरी नीट जाऊ द्या. त्यांनी तो मुद्दा आपल्या कार्यालयातून, योग्य मार्गाने, स्वतःच्या सहीच्या टिपणीत घालून वर पाठवला आहे. त्यात गटाचा उल्लेख नाही आणि चिवड्याच्या पिशवीचा तर नाहीच. बदल्यांच्या त्याच २००५ च्या कायद्यात असेही आहे की कुठलीही फाइल एका टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये. आम्ही वाट पाहत आहोत.

नाना पुन्हा बोलू लागले आहेत, पण लॅपटॉप बंद आहे याची खात्री करून. रजिस्टर मांडीवर असले तर ते माझ्याकडेही एक डोळा ठेवतात. हवालदारांच्या बाबतीत मात्र आम्ही ठराव बाजूला ठेवला आहे. येत्या दोन बैठका त्यांच्याकडून सगळा उतार, पायरी-पायरीने, नकाशासकट लिहून घ्यायचा आणि तो महापालिकेतल्या आणि पोलिसांतल्या ओळखीच्या माणसांच्या हातात द्यायचा, असे ठरले. अभियंता मित्र नकाशा मापात काढणार आहेत, मी मजकूर लिहिणार आहे. नाव घालायचे की नाही, असे मी हवालदारांना सवयीने विचारले, तर ते चिडलेच. "निवृत्त माणसाला कोण काय करणार आहे, ताई? नाव घाला, हुद्दा घाला, माझा बक्कल नंबरसुद्धा घाला."